पाकीटमार

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान पाकीटमार आहेत. हे मी ऑफिसात डबा खाताना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्या दोघांचे हात आपसूक मागच्या खिशाकडे गेले. वास्तविक भावोजींनी उभ्या जन्मात पीएमटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरूनसुद्धा वाद घातलेला नाही. ते सॉफ्टवेअरवाले आहेत. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सच्या पोटात जे सॉफ्टवेअर असतं, त्याचा अगदी दारातला भाग ते लिहितात. केबलमधून किंवा गच्चीवरच्या छत्रीतून आकड्यांचा जो लोंढा येतो तो आधी यांच्या हाताखालून जातो. त्यातली पाकिटं सुटी करायची, कुठलं कोणाचं ते बघायचं, उघडायचं, आतला माल पुढे ढकलायचा. वीसेक वर्षं एवढंच. कंपनीतल्या पोरांनी त्यांना पाकीटमार म्हणायला सुरुवात केली आणि भावोजींनी ते नाव एखाद्या पदवीसारखं मिरवायला घेतलं.

बाकीच्यांच्या खिशातल्या पाकिटात देवाचा नाहीतर बायकोचा फोटो असतो. भावोजींच्या पाकिटात प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर छापलंय: ४७ ४० ०० १०. लॉटरीचा नंबर असेल म्हणून मी एकदा विचारलं, आणि तो रविवार तिथेच संपला.

"हे सत्तेचाळीस बघा, पाहुणे. हे खरं म्हणजे एकाहत्तर आहे."

भावोजींच्या सहवासातलं पहिलं वाक्य हे असं असतं. इथे घाबरून उठलं नाही तर पुढचं बऱ्यापैकी समजतं. ही मंडळी सोळाच्या पटीत मोजतात. चार सोळे चौसष्ट आणि वर सात, असे एकाहत्तर. लिहायचं मात्र सत्तेचाळीस. डिजिटल टीव्हीचं प्रत्येक पाकीट १८८ बाइटचं असतं आणि प्रत्येकाचा पहिला बाइट हा सत्तेचाळीस. गावजेवणात पंगत कुठे सुरू होते ते कळावं म्हणून पहिल्या पानाशी लोटी ठेवावी, तसा. त्यासकट पहिले चार बाइट म्हणजे पाकिटावरचा पत्ता, उरलेले १८४ म्हणजे आतला माल. पत्त्यात तेरा बिटांचा एक नंबर असतो. त्याला कागदावर पीआयडी म्हणतात आणि बोलताना 'पिड'. शून्यापासून ८१९१ पर्यंत कुठलाही. चित्राचा पिड वेगळा, आवाजाचा वेगळा, आणि एका तारेतून दहा-बारा वाहिन्या एकमेकींत कालवून आलेल्या असतात. त्या कालवणातून आपल्याला हवी ती वाहिनी वेगळी काढायची ती या नंबरावरून.

"मग कुठल्या वाहिनीचा कुठला नंबर हे कसं कळतं?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"स्वारगेटला उतरल्यावर तुम्ही काय करता? चौकशीच्या खिडकीवर जाता. पिड शून्य म्हणजे चौकशीची खिडकी. तिथे सांगतात, अमुक वाहिनीची माहिती तमुक फलाटावर. त्या फलाटावर गेलात की तिथे पाटी असते, चित्र इकडे, आवाज तिकडे. ही खिडकी सेकंदाला अनेक वेळा उघडते, कारण नवा प्रवासी कधीही येऊ शकतो. आणि ही चिठ्ठी म्हणजे त्या खिडकीच्या पाकिटाचा पत्ता. चाळीस शून्य शून्य म्हणजे पिड शून्य, नवीन मजकुराची सुरुवात."

"आणि ती तुम्ही खिशात बाळगता?"

"तो हिचाच फोटो आहे," भावोजी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले. "या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे हिला विचारल्याशिवाय कळतं का? घरातलं पिड शून्य कोण?"

आतून ताई म्हणाली, "त्यापेक्षा फोटो ठेवला असतात तर काय बिघडलं असतं?" पण तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, एवढी चांगली स्तुती तिला दुसऱ्या कोणाकडून मिळालेली नसावी.

त्या दिवशी मी लाडात येऊन विचारलं, मग मी कितवा? भावोजींनी फार विचार न करता सांगितलं, "तुम्ही आठ हजार एकशे एक्क्याण्णव." सगळ्यात मोठा नंबर! मी बायकोला घरी येऊन अभिमानाने सांगितलं. पुढे चार-सहा महिन्यांनी कळलं की ८१९१ हा रिकाम्या पाकिटांचा नंबर आहे. तारेतून जाणाऱ्या बिटांचा वेग कायम एकच ठेवावा लागतो आणि कधी कधी पाठवायला तेवढा माल नसतो. तेव्हा मधे मधे रिकामी पाकिटं सोडतात. ४७ १एफ एफएफ १० असा पत्ता, आत काही नाही. मिळणाऱ्याने ती न उघडता टाकून द्यायची. मी जाब विचारला तर भावोजी मनापासून दुखावले. "अहो, ती नसतील तर सगळी गाडी बंद पडेल! आणि कोणाला काही मागत नाहीत, कसला त्रास नाही." ही त्यांची माझ्याबद्दलची प्रांजळ मतं आहेत.

१८८ हाच आकडा का, हा त्यांचा सर्वांत लाडका विषय आहे. तो निघाला की ताई कणीक मळायला घेते. टीव्हीची ही पद्धत १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत ठरत होती, तेव्हा टेलिफोनवाल्यांकडे एटीएम नावाची एक व्यवस्था जोरात होती. पैशांचं मशीन नव्हे, हे वेगळं एटीएम. त्यात ५३ बाइटची छोटी पाकिटं असायची, पाच बाइट पत्त्याचे आणि ४८ मालाचे. हे ४८ कुठून आले? अमेरिकेकडचे म्हणत होते ६४ पाहिजेत, युरोपकडचे म्हणत होते ३२ च्या वर एक नको. "अगदी मानपानासारखं हो!" इथे भावोजी खुर्चीच्या कडेवर येतात. "मग मध्यस्थांनी दोन्हीची बेरीज करून निम्मे केले. अठ्ठेचाळीस! कोणालाच नको होते ते!" त्या ४८ मधला एक बाइट पुन्हा तिथल्याच कारभारात जायचा. उरले ४७. चार छोट्या पाकिटांत टीव्हीचं एक पाकीट बरोबर मावावं म्हणून चार गुणिले सत्तेचाळीस, एकशे अठ्ठ्याऐंशी. ते एटीएम मागे पडलं, सोयरीक कधीच मोडली, पण मानपानात ठरलेला आहेर जगभरच्या टीव्हीत अजून चालू आहे. आणि गंमत म्हणजे हे ४७ साधे सत्तेचाळीस, पाकिटाच्या तोंडावरचे ४७ म्हणजे एकाहत्तर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे सांगताना भावोजींच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मी फक्त वारीहून परतलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

त्यांच्या लग्नाची गोष्टही या सत्तेचाळिसाचीच. लोंढ्यात उडी मारल्यावर पहिला ४७ दिसला की लगेच 'हीच सुरुवात' म्हणून भुलायचं नसतं. चित्राच्या मालातही योगायोगाने ४७ सापडू शकतो. म्हणून तिथून १८८ बाइट पुढे जाऊन बघायचं, तिथे ४७ आहे का. मग आणखी १८८. असे लागोपाठ पाच वेळा जुळले की जुळलं म्हणायचं. भावोजी ताईला बघायला पुण्याहून एसटीने रत्नागिरीला आले, कांदेपोहे खाल्ले, चार शब्द बोलले, आणि होय-नाही न सांगता परत गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा पोहे. सासऱ्यांना वाटलं, चला, होकार आला. तर गृहस्थ तिसऱ्यांदा आले. चौथ्या खेपेला आळीत बोलायला लागले की मुलगा एसटीत कंडक्टर आहे काय. पाचव्या खेपेला बशी खाली ठेवून भावोजी म्हणाले, "माझी पसंती आहे." सासूबाई अजून सांगतात, "मेलं मधे एकदा जरी मीठ कमी पडलं असतं तर ह्यांनी मोजणी पुन्हा एकपासून धरली असती." आणि हे खरं आहे. मी विचारून घेतलंय.

जुळलेलं तुटायचा नियमही आहे. एकदा ४७ चुकला तर दुर्लक्ष करायचं, वारा-पावसात होतं तसं. लागोपाठ दोनदा चुकला की सिंक गेलं. त्यामुळे या घरात भांडण एका संध्याकाळपेक्षा लांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी काहीही करून चहा स्वतः करतात. फक्त एका बाबतीत त्यांचं ताईशी पटत नाही. नियमाप्रमाणे एकच पाकीट लागोपाठ दोनदा पाठवलं तर चालतं, मिळणाऱ्याने दुसरं सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा आलं तर ती चूक. ताई 'कोथिंबीर आणा' हे तीनदा सांगते. पहिल्यांदा ऐकू येत नाही, दुसरं सोडून दिलं जातं, आणि तिसऱ्याची नोंद चूक म्हणून होते. कोथिंबीर मी नेऊन देतो.

आता एवढं सगळं टीव्हीचं करणारा माणूस टीव्ही बघत असेल असं कोणालाही वाटेल. भावोजी बघत नाहीत. त्यांना मालिकांची नावं माहीत नाहीत, नट-नट्या माहीत नाहीत. केबलच्या एका फ्रिक्वेन्सीवरून सेकंदाला ३८ मेगाबिट येतात, म्हणजे पंचवीस हजारांवर पाकिटं, आणि त्यातलं प्रत्येक त्यांच्या कोडने उघडून पाहिलेलं असतं. पण त्यात सून रडतेय की सासू, हे त्यांच्या खात्याचं काम नाही. आमच्याकडे रविवारी सिंहगडावर जायची पद्धत आहे. सगळे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही शोधत असतात आणि हे दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे मान वर करून उभे. मुंबईचं केंद्र १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी इथून पुण्याला दिसायला लागलं, हे ते दर वेळी सांगतात. तानाजीच्या समाधीपाशी मात्र त्यांना हाका मारून न्यावं लागतं.

पुण्याला २०१३ च्या मार्चअखेर बॉक्सशिवाय केबल बंद होणार होती, तेव्हा भावोजींच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या धंद्याला नात्यात किंमत आली. सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी त्यांना बॉक्स जोडायला बोलावलं. पांढरा शर्ट घालून, हातात टेस्टर घेऊन ते गेले. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन वायरी बघून ते बराच वेळ बसले. त्यांना बॉक्सच्या पोटातला एकेक बिट ठाऊक होता, पण बॉक्सच्या पाठीमागे काय असतं ते त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. शेवटी केबलवाल्याचा बारावीत नापास झालेला पोरगा आला, तीन वायरी तीन भोकांत घातल्या, पन्नास रुपये घेऊन गेला. भावोजी त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते त्यात मत्सर नव्हता, कुतूहल होतं.

मात्र एक प्रकरण असं घडलं की त्यानंतर त्यांची आणि सासूबाईंची युती झाली.

सासरे गेल्यावर सासूबाई रत्नागिरीहून पुण्याला धाकट्या लेकाकडे राहायला आल्या. संध्याकाळी साडेसहापासून साडेदहापर्यंत त्यांची एकच वाहिनी चालू असते. एकदा चित्र मधेच गोठलं. नायिका तोंड उघडं टाकून थांबली ती थांबलीच. बॉक्स बंद करून चालू केला की ठीक. बॉक्स भावोजींच्या कंपनीचा नव्हता, त्यामुळे सुरुवातीला त्यांनी शांतपणे 'अरेरे' म्हटलं. केबलवाल्याने सिग्नल बघितला, उत्तम. पावसाचा दोष म्हणावा तर बाहेर कोरडं. शेजारच्या काकू दुसरी वाहिनी लावतात, त्यांना काहीच त्रास नाही.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "हे भरतीसारखं आहे."

"म्हणजे?"

"मंगळवारी सातची मालिका लागली नि अडकलं. काल बुधवारी साडेनऊची लागली तेव्हा. आता आठवडाभर काही नाही, नि मग पुन्हा एका संध्याकाळी. मागच्या खेपेलाही असंच होतं. रोज पुढे पुढे सरकतंय. आमच्या मांडवीला भरती सरकते ना रोज पाऊण-एक तास, तसं. फक्त हे अडीच तास सरकतं."

भावोजींच्या हातातला चहाचा कप बशीत उतरला नाही, तसाच अधांतरी राहिला. मी त्यांच्या समोर होतो म्हणून सांगतो, माणसाला साक्षात्कार होताना चेहरा थोडा बावळट दिसतो. त्यांनी माझ्याच पेपरच्या कडेला हिशेब मांडला. पाकिटांमधून मधे मधे घड्याळही येत असतं, त्यावर बॉक्स आपली वेळ लावतो. हे घड्याळ सेकंदाला नव्वद हजार टिकटिक करतं आणि ३३ बिटांत मोजलं जातं. ३३ बिटांत ८५८ कोटी ९९ लाख आणि वर काही हजार एवढेच आकडे मावतात. ते संपले की घड्याळ पुन्हा शून्यावर. भागाकार केला: २६ तास, ३० मिनिटं, ४४ सेकंद. म्हणजे एक दिवस आणि वर अडीच तास! घड्याळ शून्यावर आलं की या बॉक्सला वाटत होतं, काळ उलटा फिरला. मग बिचारा चित्र धरून बसायचा, पुढची वेळ येईल म्हणून वाट बघत. प्रत्येक वाहिनीचं घड्याळ स्वतंत्र, म्हणून शेजारच्या काकू सुखी.

"आई, तुम्ही हे कसं ओळखलंत?" भावोजींचा आवाज कापत होता.

"त्यात काय ओळखायचं? अडकलं की चिडचिड होते, चिडचिड झाली की वेळ लक्षात राहते."

भावोजींनी तीन रात्री जागून सगळा लोंढा लॅपटॉपवर उतरवून घेतला, सासूबाईंचं म्हणणं सेकंदापर्यंत सिद्ध केलं आणि बॉक्स विकणाऱ्या कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'बॉक्स बंद करून पुन्हा चालू करावा.' मग त्यांनी पुढच्या सहा महिन्यांचं गोठण्याचं वेळापत्रक छापून सासूबाईंच्या फ्रिजवर चिकटवलं. त्या वेळी सासूबाई उठून भाजी परतून येतात. एकदा वेळापत्रकाच्या आधी दहा मिनिटं गोठलं तर त्यांनी आम्हाला रात्री फोन केला होता. वाहिनीनेच आपलं यंत्र बदललं होतं.

अशा माणसाला काळज्याही वेगळ्या असतात. आपल्याला मुलांच्या फीची असते, घराच्या हप्त्याची असते. भावोजींना २२ एप्रिल २०३८ ची आहे. या पद्धतीत तारीख लिहायला सोळा बिट दिलेत. दिवस मोजायची सुरुवात १८५८ सालच्या नोव्हेंबरातून, आणि सोळा बिटांत मावणारा शेवटचा दिवस तो. दुसऱ्या दिवशी बॉक्सच्या मते पुन्हा १८५८ उजाडणार. "म्हणजे पेशवाई येणार का?" असं मी विचारलं. पेशवाई त्याच्या चाळीस वर्षं आधीच गेली होती, हे त्यांनी गंभीरपणे दुरुस्त केलं, आणि आपण आत्तापासून काही केलं नाही तर कोण करणार, म्हणाले.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे धाकट्या मेहुण्याचं लग्न. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं, म्हणजे पाकिटं येणार हे नक्की झालं. ती घ्यायला कोणाला बसवायचं? चर्चाच झाली नाही. घरात पाकीटमार असताना दुसऱ्याचं नाव कोण घेणार? आणि भावोजी तयारीनेच आले होते. बॉलपेन, रबरबँडची पिशवी, आणि ताईचा भाचा हाताखाली.

पाकिटांना चार बिटांचा अनुक्रमांकही असतो, हे सांगायचं राहिलं. शून्य ते पंधरा, मग पुन्हा शून्य. तेरानंतर पंधरा आलं तर चौदावं वाटेत गेलं असं समजायचं. भावोजींना या क्रमांकाइतका विश्वास कुलदैवतावरही नाही. आलेल्या प्रत्येक पाकिटावर ते कोपऱ्यात क्रमांक घालत होते: शून्य, एक, दोन. पंधरा झाले की सोळांची गड्डी, रबरबँड, भाच्याकडे. पुन्हा शून्य. पाहुण्यांना वाटत होतं, मार्क देतायत. एका काकांनी पाकिटावर तीन लिहिलेलं बघून निमूटपणे आणखी शंभर काढून दिले.

मला ते सगळं जुळवून दाखवत होते. "बघा, हा चिकटवलेला रुपया म्हणजे सत्तेचाळीस. रुपया नाही ते पाकीटच नव्हे. वरचं नाव हा पत्ता. आतली नोट हा माल." एका पाकिटावर नाव नव्हतं, त्याला ते बराच वेळ उजेडाकडे धरून बसले होते.

रात्री बारा वाजता वरच्या खोलीत पाकिटं उघडली. सासूबाई वहीत लिहीत होत्या, भावोजी नाव आणि रक्कम सांगत होते, आधी क्रमांक तपासून. शून्य ते पंधरा, शून्य ते पंधरा, कुठेही खंड नाही. शेवटचं सुटं पाकीट सातवं निघालं. भावोजींनी हात झटकले. "एकही पाकीट गहाळ नाही. याला म्हणतात सातत्य."

सासूबाईंनी चष्मा काढला. "नागपूरच्या माईंचं कुठाय?"

"दिलंच नसेल त्यांनी."

"दिलं. पर्समधून काढताना गोळ्यांची पट्टी खाली पडली, मी उचलून दिली. वरच्या मजल्यावरच्या वकिलांचं? ह्यांच्या ऑफिसातल्या दोघांचं? फेटेवाल्याच्या भावाने दिलं, ते?" असं म्हणत त्यांनी अंगठा तर्जनीच्या खालच्या रेघेवर ठेवला. दर नावाला अंगठा एक घर वर सरकत होता. तर्जनी संपली, मधलं बोट संपलं. अनामिका संपताना त्या जरा थांबल्या, "नि ती निळी पैठणी नेसलेली, नाव नाही आठवत," म्हणून पुढे गेल्या. करंगळीच्या टोकावर अंगठा पोचला आणि थांबला. "हात भरला."

भावोजींनी त्या हाताकडे बघितलं. चार बोटं, प्रत्येकावर चार घरं.

"सोळा?" ते म्हणाले. "नक्की सोळा?"

"हात भरला म्हटलं ना."

एवढे पैसे आणि सोळा माणसांचे आहेर गायब झाल्यावर माणसाने घाबरावं. भावोजी उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "अहो पाहुणे, बरोबर सोळा गेले! पंधरा किंवा सतरा गेले असते तर मी तिथल्या तिथे पकडलं असतं. पण सोळा गेले की पंधरानंतर शून्यच येतं. मोजणाऱ्याला कळणारच नाही! पुस्तकात आहे हे. मी वीस वर्षांत प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं." आणि ही गड्डी आपणच सोळाची बांधली होती, हे लक्षात आल्यावर त्यांना आणखी आनंद झाला.

"मग हात भरला की दुसऱ्या हाताचं एक घर दाबायचं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही नारळ तसेच मोजायचो."

"चारच बिट दिलेत हो," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला दोन हात दिलेत."

हॉलच्या वॉचमनला उठवून आम्ही खाली गेलो. गड्डी फेट्यांच्या रिकाम्या खोक्यात निघाली. भाचा तिथे आइस्क्रीम खायला बसला होता आणि हात रिकामा करायला त्याने ती तिथे ठेवली होती. रात्री दीड वाजता, खुर्च्यांच्या थप्पीवर बसून भावोजींनी सोळाही पाकिटं ओळीने उघडली. माईंचे पाचशे एक. वकिलांचे अकराशे. निळी पैठणी म्हणजे मेहुण्याच्या शाळेतल्या बाई निघाल्या. तेरावं पाकीट माझ्या आईवडिलांच्या नावाचं होतं. त्यांना प्रवास झेपत नाही म्हणून आम्हीच त्यांच्या वतीने दिलेलं. भावोजींनी ते उघडलं, आत बोट घालून फिरवलं, उलटं करून झटकलं. वर रुपया होता, ठसठशीत अक्षरात नाव होतं, आत काहीही नव्हतं. नोट बायकोने घातली असेल असं मला वाटलं होतं, आणि मी घातली असेल असं बायकोला.

भावोजी काही बोलले नाहीत. खिशातलं बॉलपेन काढून पाकिटावर एक ओळ लिहिली आणि ते माझ्या हातात दिलं. ४७ १एफ एफएफ १०.